आधी घाट, मग गड: जुन्नर तालुक्यातल्या जुन्या वास्तू कशा समजून घ्यायच्या

जुन्नरला येणारी बहुतेक मंडळी दोन-तीन ठिकाणं करतात. शिवनेरीवर शिवजन्मस्थान पाहतात, लेण्याद्रीला गिरिजात्मजाचं दर्शन घेतात, जमलं तर ओझरच्या विघ्नेश्वराला हात जोडतात आणि अंधार पडायच्या आत नारायणगावमार्गे पुणे-नाशिक रस्त्याला लागतात. पण पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाच्या या एका तालुक्यात दोनशेहून जास्त लेणी आहेत. अर्धा डझनाहून जास्त किल्ले आहेत. शिलाहारांच्या काळातली देवळं आहेत, निजामशाहीतले घुमट आहेत. शेजारच्या तालुक्यांतही असाच सह्याद्री आहे, असाच काळा दगड आहे, मग हे सगळं इथेच एवढं का साठलं?

माझं म्हणणं असं की या वास्तू एकेक सुट्या पाहिल्या तर नुसती यादी होते आणि घरी पोचेपर्यंत कुठलं लेणं कुठे होतं तेही आठवत नाही. त्यांना जोडणारी वाट आधी समजून घ्यावी, मग प्रत्येक वास्तू तिथेच का आहे हे आपसूक कळत जातं. ती वाट म्हणजे नाणेघाट.

कड्यावरून वर येणारी वाट

कोकणातून देशावर यायचं तर मध्ये सह्याद्रीचा कडा आडवा येतो. खालच्या मुरबाडच्या सपाटीवरून वर पाहिलं की साडेसातशे-आठशे मीटरची भिंतच उभी दिसते. ही भिंत सगळीकडून चढता येत नाही. पाण्याने कातून काढलेल्या घळी जिथे आहेत तिथूनच माणूस आणि जनावर वर येऊ शकतं. त्या घळींना घाटवाटा म्हणतात, आणि त्यातली ओझ्याची जनावरं चढू शकतील अशी वाट ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात व्यापार.

दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा आणि कल्याण ही पश्चिम किनाऱ्यावरची गजबजलेली बंदरं होती. समुद्रापलीकडून, थेट रोमन साम्राज्याच्या प्रदेशातून माल तिथे उतरायचा. सातवाहनांची राजधानी होती गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आजचं पैठण. कल्याणहून पैठणकडे जायची महत्त्वाची वाट वैशाखरे गावाजवळून नाणेघाट चढायची, घाटघरला माथ्यावर यायची आणि कुकडीच्या खोऱ्याने जुन्नरला उतरायची. चढ उरकून दमलेला तांडा पहिल्यांदा नीट विसावू शकेल असं मोठं ठिकाण म्हणजे जुन्नर. गावाचं नशीब त्या चढाने घडवलं.

घाट चढताना शेवटचा टप्पा अरुंद नळीसारखा आहे. दोन्ही अंगांना उभा कातळ, पायाखाली जागोजागी बसवलेले आणि खोदलेले दगड. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं परंपरेने सांगतात. अशा जागी जकात वसूल होत असणार यात नवल नाही, कारण चुकवून जायला दुसरी बाजूच नाही.

राणीचा लेख आणि शून्याच्या आधीचे आकडे

नळीच्या वरच्या अंगाला एक खोदीव दालन आहे. पावसात आडोशाला थांबावं एवढंच ते वरवर वाटतं. पण त्याच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत मोठा लेख कोरलेला आहे. तो सातकर्णी राजाची पत्नी नागनिका हिचा. बहुतेक अभ्यासक तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. राजाच्या निधनानंतर मुलं लहान असताना तिने राज्याचा कारभार पाहिला, असंही मानलं जातं.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज तिथे पावलांच्या खुणा आणि वरची नावं उरली आहेत: सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, आणखी काही कुमार, एक महारठी म्हणजे मोठा सरदार. मूर्ती गेल्या तरी नावांमुळे सातवाहनांची सुरुवातीची वंशावळ जुळवायला आधार मिळाला. महाराष्ट्राच्या लिखित इतिहासाचं पहिलं पान म्हणून बोट ठेवायचं तर मी या दालनावर ठेवेन.

लेखात काय आहे? राजा-राणीने केलेल्या यज्ञांची आणि त्यात दिलेल्या दक्षिणेची जंत्री. अश्वमेध, राजसूय अशी नावं येतात आणि त्यांच्या मागे आकडे येतात: ११,००० गायी, १,००० घोडे, २४,४०० कार्षापण म्हणजे नाणी. गणिताच्या इतिहासाचे अभ्यासक या लेखाकडे वळतात ते या आकड्यांसाठी, कारण ब्राह्मी अंकांचा एवढा मोठा आणि इतका जुना संच फार थोड्या ठिकाणी सापडतो.

ते आकडे आपल्यासारखे लिहिलेले नाहीत. आपण ४४४ लिहितो तेव्हा चिन्ह एकच असतं, जागेवरून त्याची किंमत ठरते. त्या काळी ही पद्धत नव्हती, शून्याचं चिन्हही नव्हतं. दहासाठी वेगळं चिन्ह, वीससाठी वेगळं, शंभरसाठी वेगळं, हजारासाठी वेगळं. चारशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडायचं. म्हणजे २४,४०० लिहिताना वीस हजार, चार हजार आणि चारशे असे तीन तुकडे शेजारी-शेजारी मांडायचे. लेखनिकाने दगडावर ही बेरीज मांडून ठेवली आहे.

आणि ही जंत्री राजधानीतल्या एखाद्या देवळात न कोरता घाटाच्या तोंडाशी का कोरली? कारण राज्यात येणारा-जाणारा प्रत्येक व्यापारी इथून जाणार. आपण कोणाच्या मुलखात पाऊल टाकतोय हे त्याला पहिल्याच विसाव्याला समजलं पाहिजे.

लेणी: चैत्य, विहार आणि पोढी

लेणी म्हटलं की लोक एका दमात सगळ्यांना गुहा म्हणतात. गुहा निसर्ग करतो. लेणं माणूस खोदतो, आणि आराखडा डोक्यात पक्का असल्याशिवाय ते खोदता येत नाही, कारण चुकून काढलेला दगड परत बसवता येत नाही.

बौद्ध लेण्यांत मुख्य दोन प्रकार. चैत्यगृह म्हणजे प्रार्थनेची जागा. आत स्तूप असतो आणि त्याला प्रदक्षिणा घालायला वाट. विहार म्हणजे भिक्खूंची राहायची जागा. मधे दालन आणि भिंतींत छोट्या खोल्या. भिक्खू एरवी फिरते असत, पण पावसाळ्याचे महिने त्यांनी एका जागी काढावेत असा नियम होता. त्या वर्षावासासाठी कोरडी, गावापासून थोडी दूर पण भिक्षा मिळेल इतकी जवळ अशी जागा लागायची. व्यापारी वाटेवरच्या संपन्न गावाभोवतीचे डोंगर याला अगदी सोयीचे. म्हणून जुन्नरला चहूबाजूंनी लेणी आहेत: पश्चिमेला तुळजा, दक्षिणेला मानमोडी, उत्तरेला कुकडीपलीकडे लेण्याद्री आणि खुद्द शिवनेरीच्या कड्यात.

तुळजा लेण्यांतलं चैत्यगृह चुकवू नये. भारतात लेण्यांतली चैत्यगृहं बहुधा लांबट असतात, हे मात्र गोल आहे. बारा अष्टकोनी खांब वर्तुळात उभे आणि मधल्या भागावर घुमट. मधला स्तूप आज धड उरलेला नाही. खांबांवर नक्षी नाही, तरी त्या गोलात उभं राहिलं की आजच्या बांधकामात सहसा न मिळणारी शांतता लाभते.

लेण्याद्रीला गणपतीचं स्थान आहे ते सातव्या लेण्यात. मुळात तो मोठा विहार, आणि एवढ्या रुंद दालनाच्या छताला आधार म्हणून आत एकही खांब नाही. अष्टविनायकांतलं डोंगरावर आणि लेण्यात असलेलं हे एकमेव ठाणं. दर्शनाच्या रांगेतले बहुतेक जण शेजारच्या सहाव्या लेण्याकडे मानही वळवत नाहीत, याची मला खंत वाटते. ते चैत्यगृह आहे. खांबांच्या माथ्यावर वाघ, हत्ती, सिंह बसले आहेत आणि कमानदार छताला फासळ्या आहेत. त्या काळी देवालयं लाकडी असायची. लाकडी छताला वासे लागतात. दगडात कोरलेल्या छताला त्यांची काहीही गरज नाही. तरी कारागिरांनी वाशांसारख्या फासळ्या दगडात कोरल्या, कारण देवालय असंच दिसतं हे त्यांच्या मनात पक्कं होतं. याच लेण्यावर दात्याचं नाव कोरलेलं आहे: कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनार किंवा खजिनदाराचा, मुलगा सुलसदत्त. घाटाखालच्या कल्याणच्या घरातला पैसा घाट चढून इथे आला आणि दगडात खर्च झाला.

दाते एवढेच नाहीत. जुन्नरच्या लेखांत धान्याचे व्यापारी, काशाचं काम करणारे, बांबूकाम करणारे यांच्या श्रेण्यांचे, म्हणजे व्यवसायवार संघांचे उल्लेख आहेत. धान्यवाल्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. काही दात्यांनी या श्रेण्यांकडे ठेव ठेवली आणि तिच्या उत्पन्नातून संघाचा खर्च चालवला. यवन म्हणवणारे तिघे दाते आहेत: चंद नावाच्या यवनाने मानमोडीतल्या एका चैत्यगृहाचा दर्शनी भाग दिला, इरिलाने टाकी दिली, चिटाने भोजनमंडप दिला. परदेशी मुळाची ही माणसं प्राकृतात आपली नावं कोरून ठेवत होती. मानमोडीतच क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य अयम याचा वर्ष ४६ चा लेख आहे. हे वर्ष शकाचं धरलं तर इ. स. १२४ येतं. त्याने दिलं काय? एक मंडप आणि एक पोढी.

पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. जुन्नरभर डोंगरांत अशा शेकडो पोढ्या आहेत आणि माझ्या मते इथल्या कारागिरीचा खरा कस त्यांतच लागला. पोढीचं तोंड लहान ठेवायचं आणि आत पोट वाढवत न्यायचं, म्हणजे ऊन कमी लागतं आणि पाणी उडून जात नाही. मोठ्या टाक्यात छत तोलायला मधेमधे खांब सोडायचे. लेण्याच्या कपाळावर आडवी चर खोदायची, म्हणजे डोंगरावरून वाहत येणारं पाणी दारात न पडता बाजूला वळतं आणि पोढीत उतरतं. लेण्याच्या ओसरीत उभं राहून मान वर केली की ही चर बहुतेक ठिकाणी दिसते. चैत्याचे फोटो हजारो निघतात. हिचा कुणी काढत नाही. पण चर बुजली तर पाणी आत येऊ लागतं आणि नक्षी, लेख सगळंच सुटायला लागतं.

खोदकाम व्हायचं वरून खाली. आधी छत, मग भिंती, शेवटी जमीन. त्यामुळे कारागीर कायम भरीव दगडावर उभा राहून काम करायचा आणि परांची लागायची नाही. मानमोडीतल्या अर्धवट राहिलेल्या लेण्यांत हा क्रम वाचता येतो. पूर्ण झालेलं लेणं तो लपवतं. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. काही थर घट्ट, काही मऊ आणि सच्छिद्र. कुठला थर लेण्याचं छत पेलेल आणि कुठे पाणी पाझरेल, हे ओळखणारी नजर त्या कारागिरांकडे होती.

वाटेवरचे पहारेकरी

नाणेघाटाच्या माथ्याला लागून जीवधन. त्याच्या कड्याशेजारी सुटा उभा सुळका, वानरलिंगी. गडावर दगडी कोठी आहे आणि तिच्या दारावर गजलक्ष्मी. वाटेने थोडं जुन्नरकडे आलं की चावंड. उत्तरेच्या अंगाला हडसर, ज्याचे दरवाजे आणि पायऱ्या थेट कातळात कोरून काढल्या आहेत. जुन्नर गावावर शिवनेरी. एका गडावरून पुढचा गड दिसतो. घाटात काय चाललंय हे गावाला कळवायला एवढी साखळी पुरते.

१८१८ मध्ये इंग्रजांनी जीवधन आणि चावंडच्या वाटा सुरुंगाने, तोफांनी उडवल्या. गड पाडायला वेळ लागतो. चढायची वाट तोडली की गड निकामी होतो. आज त्या तुटक्या पायऱ्यांवर लोखंडी कठडे धरून चढताना दम लागतो तो त्या वर्षीच्या कामामुळे.

शिवनेरीचं महत्त्व मराठी माणसाला सांगायला नको. पण शिवजन्म इथे झाला यामागेही कारणं आहेत. निजामशाहीची सुरुवातच जुन्नरमधून झाली. मलिक अहमदने शिवनेरी घेतली, १४९० मध्ये स्वतंत्र कारभार मांडला आणि पुढे अहमदनगर वसवलं. भोसले घराणं निजामशाहीत मोठं झालं. शहाजीराजे मोहिमांत गुंतले होते, मुलूख धुमसत होता आणि शिवनेरीचे विजयराव विश्वासराव भोसल्यांचे व्याही होते. एकामागोमाग सात दरवाजे, वर गंगा-जमुना टाक्यांचं बारमाही पाणी आणि आपला माणूस किल्लेदार, एवढं पाहून जिजाबाईंना इथे ठेवलं गेलं. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवरायांचा जन्म झाला. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात शिवनेरी आहे.

गडावर जाताना कमानी मशिदीकडे आणि तिच्या पुढ्यातल्या टाक्याकडेही पाहा, आणि गावाच्या पूर्वेच्या हापूसबागेतला सौदागर घुमट जरूर करा. काळ्या दगडाचा हा घुमट निजामशाहीतल्या जुन्नरच्या श्रीमंतीची साक्ष आहे, पण तिकडे फारसं कुणी फिरकत नाही.

देवळांत कुकडीच्या उगमाकडचं, चावंडजवळच्या पूर गावातलं कुकडेश्वर आणि हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं खिरेश्वरचं नागेश्वर ही दोन मुख्य. नागेश्वराच्या मंडपाच्या छतावरचं कोरीवकाम मान दुखेपर्यंत पाहावं असं आहे. शिलाहार राजा झंझ याने बारा शिवालयं बांधली आणि ती नद्यांच्या उगमांवरची ही देवळं होत, अशी परंपरा आहे. बांधकामाची रीत साधी वाटते, पण अवघड आहे: दगड इतके नेमके घडवायचे की चुना न भरता खाच-खुंटीवर आणि स्वतःच्या वजनावर भिंत उभी राहावी. म्हणूनच अशा देवळाचा पाया एका बाजूने खचला की सांधे उघडतात आणि एकेक दगडाला क्रमांक घालून, उतरवून, पुन्हा रचावं लागतं.

याच तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे आणि आर्वीला १९७१ मध्ये सुरू झालेलं देशाचं सुरुवातीचं उपग्रह भूस्थानक आहे. आपल्या नातवंडांच्या वारसा यादीत त्यांचीही नावं असतील.

राखायचं कुणी?

जुन्या वास्तू तीन गटांत पडतात. राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू १९५८ च्या केंद्रीय कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असतात. शिवनेरी आणि लेण्याद्री त्यांतल्या. काही वास्तू १९६० च्या महाराष्ट्राच्या कायद्याने राज्य पुरातत्त्व विभागाकडे. तिसरा गट सगळ्यांत मोठा: कुणाकडेच नसलेल्या. गावची वेस, वीरगळ, आडवाटेची पोढी, जुनी बारव, घाटाची फरसबंदी.

केंद्रीय संरक्षित वास्तूला २०१० च्या दुरुस्तीने कडक कुंपण आलं. हद्दीपासून १०० मीटरमध्ये नवं बांधकाम बंद. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी काढूनच. वास्तूची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्याचं घर त्या १०० मीटरमध्ये आहे त्याला हे जाचतं, आणि त्याचं गाऱ्हाणं खरं आहे. त्याला नियमाचं कारण आणि दुरुस्तीची रीतसर वाट गावातच, मराठीत, समजावून सांगितली गेली तर तोच माणूस वास्तूचा सगळ्यात चांगला राखणदार होईल, असं मला मनापासून वाटतं.

तिसऱ्या गटाला धोका वाईट हेतूचा नसतो, प्रेमाचा असतो. गावकरी वर्गणी काढतात आणि देवळाला सिमेंट थापतात, वर ऑइलपेंट देतात. जुनं चुन्याचं बांधकाम ओल आत घेतं आणि बाहेर सोडतं. सिमेंट ही ओल कोंडतं, क्षार दगडाच्या आत साठतात आणि काही पावसाळ्यांत दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. दुरुस्ती चुन्यानेच हवी. किल्ल्यांवर गोल चर असलेला चुन्याचा घाणा दिसतो; बैल फिरवून त्यात चुना-वाळू मळत. तो मळलेला चुना शतकं टिकला आहे आणि आजही तो करता येतो.

प्रत्यक्ष पाहताना

जमलं तर उलट्या क्रमाने फिरू नका. सुरुवात घाटघरला नाणेघाटापासून करा, थोडं खाली नळीत उतरून परत चढा, मग कुकडीच्या खोऱ्याने पूर, चावंड, तुळजा करत जुन्नरला या. लेण्याद्री आणि मानमोडी दुसऱ्या दिवशी, शिवनेरी शेवटी. पावसाळ्यात घाट देखणा असतो, पण नळीतले दगड शेवाळलेले असतात आणि गर्दीही फार; लेख वाचायचा असेल तर दिवाळीनंतरचे महिने बरे. नाणेघाटातली अक्षरं उथळ झाली आहेत, समोरून टॉर्च मारली तर भिंत नुसती सपाट दिसते. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरा, मग एकेका अक्षराच्या काठाला सावली पडते आणि ओळ उठून दिसते. खडू लावायचा नाही, पाणी मारायचं नाही, बोटही फिरवायचं नाही. आकडे शोधायचे असतील तर आधी ब्राह्मी अंकांचा तक्ता मोबाइलमध्ये घेऊन जा. माथ्यावर रेंजचा भरवसा नाही.